गार वारा सुटला की मला घाम फुटतो

मे महिना सरत आलेला. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, लागलेला. तेलंगणातल्या आमच्या बोथच्या बसस्टँडवरची कुत्री पाण्याच्या टाकीखालच्या चिखलात जाऊन पडलेली. लग्नाच्या मांडवात चारशे माणसं, बाया लग्नपत्रिकेनं वारा घेऊन राहिल्यात, माणसांनी कानाला दुपट्टे गुंडाळलेत, आणि नवरदेव अजून डीजेपुढं नाचतोच आहे. अशात कुठून तरी गार वाऱ्याची एक झुळूक येते. सगळा मांडव एका सुरात म्हणतो, "हुश्श." एखादी म्हातारी आभाळाकडं पाहून हात जोडते. जेवणारा माणूस घास हातात धरून क्षणभर डोळे मिटतो. त्या चारशे जणांत एकच माणूस असा असतो, जो नेमका त्याच वेळी दोऱ्यांकडं पळत सुटतो. तो म्हणजे मी, मांडववाला.

तीस वर्षं मी बिछायतीचा धंदा केला. आमच्याकडं बिछायत केंद्र म्हणजे मांडव, कनाती, गाद्या, जाजमं, भाजी शिजवायचे मोठाले गंज, नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या आणि आता आताशा माणसाएवढाले कूलर भाड्यानं देणारं दुकान. शिक्षण माझं बारावीपर्यंतचं, तेही दोन खेपांत. पण मांडवाखालून फिरताना मी कंबरेवर हात ठेवून असा फिरायचो की नवीन पाहुण्याला वाटावं, हा नवरीचा बाप नाहीतर पुलाचा इंजिनियर. एकदा एका पाहुण्यानं मला खरंच "साहेब, पंगत कोणत्या बाजूला?" असं विचारलं होतं. ते मी बायकोला वर्षभर सांगत होतो. तिनं शेवटी विचारलं, "मंग सांगितली काय त्याले पंगत?"

लोकांना वाटतं, मांडव उभा करण्यात कसब आहे. उभा कोणीही करतो. लाकडी बल्ल्या रोवा, दोऱ्या ताणा, कापड चढवा, झालं. खरं कसब आहे ते मांडव पाडण्यात. हे मला शिकवलं लिंगन्नानं. लिंगन्ना उटनूरकडचा, तेलुगू घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी दुकान काढलं तेव्हा माझ्याजवळ बारा ताडपत्र्या आणि लिंगन्ना एवढंच होतं, आणि खरं सांगायचं तर ताडपत्र्या फाटक्या होत्या.

त्याचं म्हणणं साधं होतं. मांडवाच्या कापडाला वाऱ्यानं पोट सुटतं. एकदा का वारा आत शिरला, की चाळीस हात कापड बल्ल्या उपटून वर घेऊन जातं, आणि खाली येतं ते माणसांच्या डोक्यावर. उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला हात जाईल एवढाल्या भेगा पडतात, बल्ली किती खोल रोवणार? म्हणून दोरीची गाठ सुटती मारायची. तिचं एक टोक छातीएवढ्या उंचीवर लोंबतं ठेवायचं. गार वारा आला की दोन माणसांनी दोन बाजूंनी पळत जायचं आणि एकेक टोक ओढत जायचं. विडी ओढून व्हायच्या आत कापड खाली. बल्ल्या जागच्या जागी, वारा वरून निघून जातो. पाहुण्यांच्या डोक्यावर कापड पडतं, फेटे वाकडे होतात, भाजीत धूळ पडते, पण कोणी मरत नाही.

आता तुम्ही विचाराल, की वारा येणार हे कळतं कसं. आमच्या भागात मेमधलं वावधन, म्हणजे हे उन्हाळ्याचं वादळ, न सांगता येत नाही. आधी वारा पूर्ण मरतो. निंबाचं पान हलत नाही. मग पैनगंगेच्या बाजूला आभाळ मातकट होतं. मग येते ती गार झुळूक, ज्याला सगळे हुश्श म्हणतात. ती झुळूक म्हणजे निरोप्या. मागून वादळ येतं, कधी गारा घेऊन, कधी नुसती धूळ घेऊन. अर्ध्या तासात पारा असा उतरतो की कूलरपुढं बसलेल्या बाया पदर ओढून घेतात. आणि कधी कधी मागून काहीच येत नाही. निरोप्या येतो, निरोप देतो, आणि वादळ दुसऱ्याच गावाला निघून जातं. आमच्या धंद्याची सगळी गोची या शेवटच्या वाक्यात आहे.

पाऊस आला तर त्याचा दोष मात्र मांडववाल्याला कधी मिळत नाही, तो नवरीला मिळतो. "पोट्टीनं लहानपणी कढईतली खरवड खाल्ली असन, मंग लग्नात पाऊस येतेच," असं सगळ्या बाया एकमतानं म्हणतात. मी पाहिलेल्या सगळ्या नवरीमुलींनी, पावसाच्या हिशोबानं, आयुष्यभर दुसरं काही खाल्लंच नसावं. एका लग्नात इंजिनियर झालेला नवरीचा भाऊ मोबाइल घेऊन माझ्यापुढं आला. "हे पाहा, पावसाची शक्यता नाही." त्याचं बोट स्क्रीनवर होतं तेव्हा त्याच स्क्रीनवर बोराएवढी गार पडली. मी गार उचलून बाजूला टाकली. मनात मात्र फार खूश झालो, ते लपवण्यात अर्थ नाही.

पण माझ्यावर हसायची पाळी एका निवृत्त गिरदावरानं आणली. गिरदावर म्हणजे महसुलातला, आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेताच्या हद्दी तपासलेला माणूस. घरच्या लग्नात तो काठी घेऊन माझ्या बल्ल्या ओळीत आहेत की नाही ते पाहत फिरत होता. गार झुळूक आली. मी आणि लिंगन्नानं टोकं ओढली. तीनशे माणसांच्या पंगतीवर मांडव आला. वरणाच्या गंजात कापडाचं टोक बुडालं. आणि नंतर काय, तर काहीच नाही. चार थेंब नाहीत, धूळ नाही. लख्ख ऊन. गिरदावर कापडाखालून रांगत बाहेर आला, काठी सापडेपर्यंत थांबला, आणि मग शांतपणे म्हणाला, "कोणाच्या हुकुमानं पाडला?"

मी म्हटलं, "वाऱ्याच्या."

"दाखव कुठं हाय तो."

दाखवायला काही नव्हतं. त्या दिवसापासून बोथच्या बाजारात माझं नाव पडलं, मांडवपाड्या. भाजी घ्यायला गेलो तरी कोणी तरी आभाळाकडं पाहून म्हणायचं, "गुंडाळा रे दुकान, भाऊ आले." मी वरून हसायचो. आतून जळायचो. माणसाला आपल्या मूर्खपणावर हसलेलं चालतं, कसबावर हसलेलं चालत नाही, आणि माझ्याजवळ कसब म्हणून एवढीच एक गोष्ट होती.

त्या रागातून मी आयुष्यातली सगळ्यांत मोठी चूक केली. ती सांगताना मला विनोद सुचत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पुढच्याच वर्षी एका मास्तरांच्या घरच्या लग्नात मी सुटत्या गाठी मारल्याच नाहीत. दोन-दोन पक्क्या गाठी मारल्या आणि त्यावर लोखंडी तार पिळली. लिंगन्ना खाली उभा राहून पाहत होता.

"अन्ना, हे कसं सुटते?" तो म्हणाला. वयानं मोठा असूनही तो मला अन्ना म्हणायचा.

"सुटूच नये म्हणून तं बांधून राह्यलो."

"वारा आली मग?"

"आली तं आली. मांडव हालणार नाई."

लिंगन्नाच्या मराठीत वारा बाईमाणूस होता. दुपारी चारला निंबाचं पान हलायचं थांबलं, मग झुळूक आली, सगळे हुश्श म्हणाले, आणि मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, टिकते. लिंगन्नानं माझ्याकडं पाहिलंही नाही. पक्कड दातात धरून तो शिडीवर चढला आणि तारा तोडू लागला. तीन तोडल्या. चौथीला कापडात वारा भरला, बल्ली जमिनीतून दात उपटावा तशी निघाली आणि लिंगन्ना तिच्यासोबत खाली आला. पाहुण्यांपैकी कोणाला खरचटलंही नाही. लिंगन्नाचा खुबा मोडला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "अन्ना, पक्कड सापडलं काय?" मी हो म्हटलं, आणि दवाखान्याच्या मागं जाऊन रडलो. त्यानं मला आजपर्यंत एक शब्द सुनावलेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आठ महिन्यांनी तो परत आला, खुब्यात सळई घेऊन, एका पायानं लंगडत. तेव्हापासून तो खुर्चीवर बसून हुकूम सोडायचा आणि शिडीवर मी चढायचो. माझ्या वजनाचा विचार करता हे दृश्य पाहायला माणसं मुद्दाम थांबत.

मी शपथ घेतली. पुन्हा तार नाही, पक्की गाठ नाही. आणि गार वारा आला की मांडव पाडायचा, मग लग्न कोणाचंही असो. मांडवपाड्या तर मांडवपाड्या.

ही शपथ मी बरीच वर्षं पाळली. मग माझ्या भाचीचं, अश्विनीचं लग्न निघालं.

अश्विनी माझी एकुलती एक बहीण कमल हिची मुलगी. कमल माझ्याहून सहा वर्षांनी लहान, बोथमध्येच राहते, तिचे यजमान, आमचे जवाई, सरकारी कचेरीत आहेत. मुलगा मंचेरियलचा, कोळशाच्या खाणीत चांगल्या नोकरीवर. मुलाकडच्यांचं म्हणणं होतं की लग्न फंक्शन हॉलात करू, थंड हवेचा हॉल आहे, मेमध्ये मांडवात कोण शिजत बसेल. त्यांचं बरोबरच होतं. आता जिकडंतिकडं फंक्शन हॉल झालेत आणि माझ्या गोदामात कनातींवर घुशी राहतात. पण कमल अडून बसली. "माहा भाऊ मांडववाला असून मी पोरगी हॉलातून देऊ काय?" हे तिनं व्याह्यांच्या तोंडावर सांगितलं. हे मला कळलं तेव्हा मी दोन रात्री झोपलो नाही, आणि तिसऱ्या दिवशी नागपूरला जाऊन गुलाबी-पांढरं कोरं कापड घेऊन आलो.

त्या लग्नात माझ्याकडं दोन कामं होती. मांडव माझा आणि मामाही मीच. आमच्या मराठी घरांतल्या लग्नात मामाला काम थोडं पण जागा मोठी. लग्न लावणारे महाराज माइकवरून पुकारतात, मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं. मामा नवरीचा हात धरून तिला बोहल्यावर आणतो आणि शेवटची अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बस, एवढंच. बाप तिकडं पाहुण्यांत असतो, आई रडत असते. नवरीच्या मागं त्या वेळी आपलं म्हणून एकच माणूस असतं.

लग्नाला सुरेशही आला होता. सुरेश आमच्या चुलत घरातला, माझ्याच दुकानात गाठी मारायला शिकला आणि मग माझ्याच समोर दुकान थाटून बसला. लोखंडी चौकटीचे मांडव, रंग बदलणारे दिवे, आणि पाटीवर स्वतःचा फोटो. दोन वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हतो. कमलनं त्याला पत्रिका दिली म्हणून मी कुरकुरलो तर म्हणाली, "तुहं भांडण तुह्या दुकानात ठेव. माह्या घरी तो भाऊच हाय."

मुहूर्त साडेबाराचा होता. नवरदेव मांडवात आला सव्वाचारला. तोवर माझा फेटा घट्ट होऊन कपाळावर वळ उठला होता, नव्या जोड्यानं टाच सोलली होती, आणि मंचेरियलचे पाहुणे कूलरपुढच्या जागेसाठी एकमेकांना "तुमी बसा, तुमी बसा" म्हणत एकाच वेळी बसत होते. महाराजांनी पुकारलं. मी आत गेलो, अश्विनीचा हात धरला. मेंदीचा, घामानं ओला झालेला हात. "मामा, हळू चाला," ती म्हणाली, "साडी लई जड हाय." मी म्हटलं, "तू चिंता करू नको, मी हाव ना." आम्ही बोहल्यावर पोचलो. अंतरपाट धरला गेला. महाराजांनी खाकरून घसा साफ केला.

आणि झुळूक आली.

सगळा मांडव म्हणाला, हुश्श. मंचेरियलची एक बाई तर चक्क म्हणाली, "मांडवच बरा होता बाप्पा, हॉलात असा वारा कुठं?" दुसऱ्या कोणत्या दिवशी मी ते वाक्य चौकटीत लावून ठेवलं असतं. त्या दिवशी मी वर पाहत होतो. गुलाबी कापड एकदा फुगलं आणि खाली बसलं. पैनगंगेकडचं आभाळ मातकट झालं होतं. माझ्या डोळ्यापुढं मास्तरांचं अंगण आलं.

मी अश्विनीचा हात सोडला. "आलोच," म्हटलं, आणि बोहल्यावरून उडी मारली. उडी म्हणायची पद्धत आहे. खरं तर मी पडलो. उठून ओरडलो, "माणसं बाहेर काढा, मांडव खाली घेऊन राह्यलो."

पहिल्या बल्लीपाशी पोचलो तर सुरेश पळत आला. "दादा, तुमी बोहल्यावर जा. मी अन् लिंगन्ना सोडतो. गाठी तुमच्याच हायेत, मले ठाऊक हायेत."

मी त्याला काय म्हटलं ते अक्षरशः सांगतो. म्हटलं, "माह्या दोरीले हात लावू नको."

तो थांबला. हात मागं घेतला आणि बाया-पोट्ट्यांना रस्त्यावर काढायला गेला. मी टोकं ओढत पळालो. लिंगन्नानं खुर्ची सोडली आणि लंगडत लंगडत त्याच्या बाजूची टोकं ओढली. मांडव उतरला. इतका सुबक उतरला की काय सांगू, तीस वर्षांत असा उतरला नव्हता. कोणाच्या डोक्यावर नाही, कोणाच्या ताटात नाही. बोहलं उघडं राहिलं, त्यावर अंतरपाटाच्या दोन बाजूंना नवरा आणि नवरी, आणि वर मोकळं आभाळ. रस्त्यावर चारशे माणसं उभी. मुलाचा काका विचारत होता, "अक्षता पडायच्या आधी मांडव पाडतेत काय कोणी?"

आता वादळाकडं या. वारा आला. साड्यांचे पदर उडाले, पत्रावळींचा एक गठ्ठा नाल्यात गेला. मोठाले थेंब पडले, मोजता येतील एवढे. मातीचा वास सुटला. मग वारा वळला आणि उटनूरच्या जंगलाकडं निघून गेला. तिकडं गडगडलेलं आम्हाला ऐकू येत होतं. इकडं मागं राहिली ती नुसती गार हवा. नवतप्यात अशी हवा मी जन्मात पाहिली नव्हती. लोकं रस्त्यावर खुर्च्या मांडून बसले. म्हाताऱ्यांनी कानावरचे दुपट्टे काढले. मुलाच्या काकानंही शर्टाची दोन बटणं उघडली.

मी मात्र रस्त्याच्या कडेला कापड गुंडाळत होतो. गुलाबी कोरं कापड, थेंब पडून रंग पांढऱ्यावर उतरला तर सगळं वाया जाणार. माइकवरून आवाज आला, "मुलीचे मामा कुठं आहेत? मामांनी बोहल्यावर यावं." मी ओरडून म्हटलं, "येतो." आणि एक घडी घातली. परत आवाज आला. मी परत येतो म्हटलं आणि दुसरी घडी घातली. तिसऱ्यांदाही आवाज आला, तोही मी ऐकला. मग मंगलाष्टकं सुरू झाली. मान वर करून पाहिलं तर अश्विनीच्या पाठीशी, कोणाचा तरी उसना फेटा घालून, सुरेश उभा होता.

मांडववाल्याला मामा केलं आणि मामा मांडव गुंडाळत बसला. बोथच्या बाजारात हे वाक्य अजून चालतं. मी स्वतःही ते सांगून हशा मिळवला आहे.

कमल माझ्याशी बोलेनाशी झाली. पाठवणीच्या वेळी मी पुढं झालो तर तिनं तोंड फिरवलं. मी समजलो, मांडव पडला म्हणून. अक्षतांच्या आधी मांडव उतरला, अपशकुन झाला, व्याही टोमणे मारत असणार, हॉल नको म्हणून ही अडून बसली होती आणि भावानं तोंडघशी पाडलं. तिचा राग मला शंभर टक्के कळला होता. म्हणून मी पुरावे गोळा करायला लागलो.

हो, पुरावे. हसा खुशाल. उटनूरकडं त्या संध्याकाळी कोणाच्या गोठ्याचे पत्रे उडाले, कोणता निंब पडला, सगळं मी विचारून आलो. पेपरातलं कात्रण कापून पाकिटात ठेवलं. कोणी चहाला बसवलं की मी बशीत बोटानं वाऱ्याची दिशा काढून दाखवायचो. पैनगंगा इकडं, बोथ इथं, वारा असा आला, तसा वळला. दोन कोस अलीकडं वळला नसता तर काय झालं असतं, विचार करा. लोक विचार करायचे आणि चहा प्यायचे. लिंगन्नाला मी म्हटलं, "तू सांग कमलले, तुह्या खुब्याची गोष्ट सांग." तो म्हणाला, "अन्ना, मले कायले मधात घेते?"

भाऊबीजेला तिचा फोन आला नाही, तरी मी गेलो. तिनं पाट मांडला, ओवाळलं. पाटावर बसल्याबसल्याच मी पाकिटातून कात्रण काढलं.

"कमल, हे पाह्य. त्याच दिवसाचं हाय. तीन गोठे उडाले तिकडं. माणूस जखमी झाला."

तिनं ओवाळणीचं ताट खाली ठेवलं. चष्मा लावला. कात्रण सगळं वाचलं, जाहिरातीसकट. मग नीट घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"दादा, मांडव पाडला म्हणून मी तुले काही बोलली काय?"

"बोलली नाई, म्हणून तं..."

"पाडाच लागत होता. मले नाई ठाऊक काय लिंगन्नाचं? तू थांबला असता तं मी माह्या हातानं दोऱ्या ओढल्या असत्या." तिनं चष्मा काढला. "पण सुरेश तुले म्हणे, तुमी जा, मी सोडतो. मी तठीच उभी होती. मंग मांडव उतरला, वारा गेला, सगळं झालं. त्याच्यामांगून महाराजानं तीन खेपा हाक मारली. पोरगी दर खेपेले मांगं वळून पाहे. दोऱ्या सोडाले दहा माणसं होते, दादा. मामा एकच होता."

मी तोंड उघडलं. वाऱ्याची दिशा, कापडाचा रंग, सुरेशच्या दुकानाची पाटी, सगळं तोंडापर्यंत आलं होतं. त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. पाच महिने मी सगळ्या तालुक्याला वारा समजावून सांगत फिरत होतो. वाऱ्याबद्दल मला कोणी काही विचारलंच नव्हतं.

"चुकलो, बाई," मी म्हटलं.

"मले कायले सांगतं," ती म्हणाली. तिनं फोन उचलला, मंचेरियलचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. मी पाटावरच बसलो होतो. पलीकडं बराच वेळ घंटी वाजली. मग अश्विनीचा आवाज आला. आईच्या फोनवरून कोणी बोलत नाही म्हणून ती दोनदा हॅलो म्हणाली, आणि मग तिनं विचारलं, "कोण, मामा काय?"

मला लवकर हो म्हणता येईना.